ओव्याचे फूल

दौंड स्थानक सोडून मनमाडच्या दिशेने निघालेली आगगाडी भीमेचा पूल ओलांडते आणि श्रीगोंदे तालुक्यात शिरते. या लोहमार्गाला १८७८ पासूनचा इतिहास आहे. त्याच वाटेवर काष्टी हे गाव लागते. पंचक्रोशीत नव्हे, तर पुणे, सोलापूर, बीड या जिल्ह्यांतही काष्टीचे नाव निघते ते तेथील जनावरांच्या आठवडे बाजारामुळे. खिलारी बैलांच्या जोड्या आणि दुभत्या गाई यांचे सौदे जेथे ठरतात, अशा बाजाराच्या कडेला आपल्या मुलखात एक मनुष्य हमखास बसलेला असतो. त्याच्यापुढच्या गोणपाटावर हिरडा, बेहडा, वावडिंग, डिकेमाली, सागरगोटे, मुरुडशेंग यांचे लहान लहान ढीग असतात आणि एखाद्या काचेच्या बुधलीत पांढरे, लखलखीत, खडीसाखरेसारखे खडे असतात. त्या खड्यांना तो ‘ओव्याचे फूल’ म्हणतो. (काष्टी आणि काष्ठौषधी या दोन शब्दांचे नाते जोडण्याचा मोह येथे होतो. पण नावे सारखी म्हणून सोयरीक जुळवणे बरे नव्हे.)

हे फूल झाडाला लागत नाही. ओव्याच्या झाडाला पांढरी बारीक फुले येतात हे खरे, पण या खड्यांचा त्यांच्याशी संबंध नाही. ओव्याचे दाणे पाण्यात घालून उकळले आणि निघणारी वाफ थंड केली, की पाण्यावर तेलाचा एक पातळ थर तरंगतो. शंभर किलो ओव्यातून साधारण दोन ते चार किलो तेल मिळते. हे तेल उघड्या भांड्यात थंड जागी ठेवले म्हणजे त्यातील सर्वांत तीव्र भाग स्फटिकरूपाने खाली बसतो. तेच ओव्याचे फूल. आपल्या आज्या-पणज्यांनी पोटदुखीवर चिमूटभर ओवा चावायला दिला, बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर ओवा टाकून धुरी दिली, पडसे आलेल्या मुलाच्या उशाशी ओव्याची पुरचुंडी बांधली. त्या सर्व उपचारांतील कार्यकारी द्रव्य मुख्यतः हेच होय.

या खड्यांची पहिली शास्त्रीय नोंद आपल्या दख्खनशी जोडलेली आहे, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. फ्लुकिगर आणि हॅनबरी या दोन औषधद्रव्यतज्ज्ञांनी १८७४ मध्ये लंडनला ‘फार्माकोग्राफिया’ नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओव्याच्या तेलातील हे स्फटिक उज्जैन व मध्य हिंदुस्थानात इतरत्र तयार होतात आणि पुण्यात व दख्खनच्या अन्य गावांतील दुकानांत ‘अजवायन का फूल’ या नावाने विकले जातात, असे त्यांनी त्यात नमूद केले आहे. त्याआधी, १८५५ मध्ये स्टेनहाउस आणि १८५६ मध्ये हेन्स या रसायनशास्त्रज्ञांनी हे स्फटिक तपासले होते. तपासणीचा निष्कर्ष विलक्षण होता. युरोपात थाइम नावाची एक सुगंधी वनस्पती आहे. तिच्या तेलातून निघणारे स्फटिक कास्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञाने १७१९ मध्ये पाहिले होते आणि १८५३ मध्ये लालेमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्या द्रव्याला ‘थायमॉल’ असे नाव दिले होते. दख्खनच्या दुकानातील ओव्याचे फूल आणि युरोपच्या प्रयोगशाळेतील थायमॉल हे एकच द्रव्य निघाले.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. ज्या काळी पॅरिस आणि लंडन येथील विद्वान हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवण्यासाठी खटपट करीत होते, त्या काळी आपल्याकडचा अत्तार ते पुडीत बांधून विकत होता. त्याला रेणूसूत्र ठाऊक नव्हते, पण द्रव्य शुद्ध कसे करावे हे ठाऊक होते. हे ज्ञान त्याने कोणत्या गुरुकुलात मिळवले, हे कोणी लिहून ठेवले नाही. आपल्या देशातील कारागिरांच्या इतिहासाची हीच मोठी उणीव आहे.

सुगंधी तेल काढण्याची ही कला केवळ उज्जैनपुरती मर्यादित नव्हती. आपल्या शेजारच्या खानदेशात नंदुरबार आणि पिंपळनेरच्या परिसरात रोशा गवतापासून तेल काढण्याचा धंदा ब्रिटिश अमदानीत चांगला नावारूपाला आला होता. डोंगरउतारावर आपोआप वाढणारे हे गवत फुलावर आले की कापायचे, ओढ्याकाठी भट्टी रचून मोठ्या भांड्यात पाण्याबरोबर उकळायचे आणि नळीतून येणारी वाफ पाण्यात बुडवलेल्या दुसऱ्या भांड्यात थंड करायची, अशी ती रीत. गवताचे मोतिया आणि सोफिया असे दोन प्रकार हे कारागीर वासावरून ओळखीत. मोतिया सरस, सोफिया डावे. हे तेल मुंबईच्या बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. त्यामुळे युरोपच्या बाजारात खानदेशी गवताच्या या तेलाला ‘तुर्की जिरॅनियम’ असे भलतेच नाव पडले. माल आमचा आणि नाव तुर्काचे! ओव्याच्या बाबतीत पुढे जे घडले त्याची ही जणू रंगीत तालीमच होती.

सुगंधी तेलांचा विषय ख्रिस्ती वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात मोशेला पवित्र अभ्यंगतेलाची जी कृती सांगितली आहे, तिच्यात गंधरस, दालचिनी, वेखंडासारखी सुगंधी वेत आणि तज ही द्रव्ये जैतुनाच्या तेलात मिसळण्याचा आदेश आहे. बेथानीच्या मरियेने प्रभूच्या चरणांना जे मौल्यवान सुगंधी तेल लावले, ते जटामांसीचे. ही वनस्पती हिमालयात उगवते, म्हणजे त्या कुपीतील द्रव्याने पॅलेस्टाइनपर्यंत केवढा प्रवास केला असेल! निकदेमाने प्रभूच्या दफनविधीसाठी गंधरस आणि अगरू यांचे शंभर शेराच्या आसपास मिश्रण आणले, असे संत योहान सांगतो. मृतदेह कुजू नये म्हणून राळ आणि सुगंधी द्रव्ये वापरण्याची प्रथा त्या प्रदेशात फार जुनी होती आणि कुजणे म्हणजे जिवाणूंचे काम, हे आज आपण जाणतो. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. अभ्यंगाच्या तेलाचे पावित्र्य त्याच्या जंतुनाशक गुणात शोधणे चुकीचे ठरेल. पोप सहावे पॉल यांनी १९७२ मध्ये रुग्णाभ्यंगासाठी जैतुनाचे तेल दुर्मीळ असेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेल वापरण्यास मुभा दिली, ती काही प्रयोगशाळेचा अहवाल पाहून नव्हे. संस्काराचे तेल ही खूण आहे आणि ओव्याचे तेल हे औषध आहे. दोहोंची गल्लत झाली की दोहोंचीही हानी होते.

आपल्या किनाऱ्यावर या द्रव्यांची पहिली छापील चर्चा झाली ती गोव्यात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. लवंग, दालचिनी, कापूर यांच्यावर त्यात स्वतंत्र प्रकरणे आहेत. ओर्ताने जुन्या ग्रीक व अरब ग्रंथकारांवर विसंबून न राहता कोकणातील वैद्यांना विचारले, बाजारात जाऊन माल पाहिला आणि ग्रंथातील मत व डोळ्यांना दिसणारी वस्तू यांत तफावत आढळली तेव्हा वस्तूच्या बाजूने कौल दिला. तो वंशाने यहुदी होता. त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, धर्मन्यायसभेच्या निवाड्यानुसार त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. आपल्या चर्चच्या इतिहासातील हे पान वाचताना मान खाली जाते आणि ते वाचणे टाळूही नये.

तेल जंतूंना मारते, हे म्हणायला आधी जंतू ठाऊक असावे लागतात. ती पायरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि तिचा आरंभ जनावरांच्या रोगातच झाला. आपल्याकडे ज्याला ‘फाशी’ म्हणतात, तो गुरांना एकाएकी मारणारा रोग एका दंडाकृती जिवाणूमुळे होतो, हे रॉबर्ट कॉख या जर्मन वैद्याने १८७६ मध्ये दाखवून दिले. पुढे १८८१ मध्ये त्याने निर्जंतुकीकरणावर प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात याच फाशीच्या जिवाणूंवर कार्बोलिक ॲसिडापासून टर्पेंटाइनपर्यंत कितीतरी द्रव्यांची परीक्षा घेतली. टर्पेंटाइन हेही पाइन वृक्षाच्या राळेचे बाष्पनशील तेलच. गाईचे पोट फुगले की गोड्या तेलात टर्पेंटाइन मिसळून पाजण्याचा उपाय आपल्या गोठ्यात अजून कित्येकांना आठवत असेल. कॉखला असे दिसले की टर्पेंटाइन किंवा थायमॉल अत्यंत विरल प्रमाणात असले तरी जिवाणूंची वाढ खुंटते. परंतु वाढ खुंटणे वेगळे आणि जिवाणू मरणे वेगळे. फाशीचे बीजाणू तर फारच चिवट. हा भेद कॉखने आग्रहाने मांडला. पुढील शंभर वर्षांत सुगंधी तेलांविषयी जे अतिरंजित लिहिले गेले, त्यातील निम्मे तरी हा भेद विसरल्यामुळे लिहिले गेले आहे.

पॅरिसमध्ये पाश्चरचा सहकारी शांबरलाँ याने १८८७ मध्ये निरनिराळ्या सुगंधी तेलांच्या वाफेचा फाशीच्या जिवाणूंवर होणारा परिणाम तपासला. दालचिनीचे तेल त्यात अग्रभागी ठरले. शस्त्रक्रियेच्या जखमा कुजू नयेत म्हणून लिस्टरने कार्बोलिक ॲसिड प्रचारात आणले होतेच. १८७८ च्या सुमारास जर्मनीतील शल्यवैद्यांनी कार्बोलिकऐवजी थायमॉलमध्ये भिजवलेल्या पट्ट्या वापरून पाहिल्या, कारण कार्बोलिकने रोग्याची कातडी आणि वैद्याचे हात दोन्ही भाजत. विसाव्या शतकाच्या आरंभी विषमज्वराच्या जिवाणूंवर निर्जंतुकांची शक्ती मोजण्याची पद्धत रूढ झाली. तीत कार्बोलिकची शक्ती एक धरली, तर थायमॉलची वीसपटीहून अधिक भरली. ओव्याच्या फुलाला याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते हवे होते? मात्र ही मोजणी स्वच्छ पाण्यात होत असे. पू, रक्त किंवा दूध मिसळले की तीच शक्ती झपाट्याने उतरते, हेही पुढे कळून आले.

मागणी वाढली तसा व्यापार वाढला, पण त्याची दिशा उलटी झाली. ओव्याचे दाणे पोत्यांनी मुंबईहून जर्मनीत जाऊ लागले. तेथे लाइपझिगच्या शिमेलसारख्या मोठ्या कारखान्यांत त्यांचे थायमॉल होई आणि ते सुबक बाटल्यांतून जगभर, आपल्या दवाखान्यांतसुद्धा, परत येई. उज्जैनच्या भट्टीतील फूल मागे पडले. कापूस मँचेस्टरला जाऊन लुगडे होऊन परत यावा, तसेच हे.

आणि मग १९१४ चा ऑगस्ट महिना उजाडला. युद्ध सुरू होताच जर्मन थायमॉल बंद झाले, भाव कडाडले आणि औषधासाठी लागणाऱ्या या पांढऱ्या खड्यांकरिता सरकारला हिंदुस्थानातच ते काढण्याची आठवण झाली. परंतु नगर जिल्ह्यातील कॅथलिक माणसासाठी त्या युद्धाची आठवण वेगळीच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर, राहाता या ठिकाणी श्रद्धेचे बी रुजवणारे येशूसंघीय धर्मगुरू बहुतांशी जर्मन होते. १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग त्यांच्यापैकीच. ब्रिटिश सरकारच्या लेखी हे सर्व आता शत्रुराष्ट्राचे नागरिक झाले. हिंदुस्थानभरातील जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांना डांबून ठेवण्याची मुख्य छावणी कोठे उभारावी? तर अहमदनगरला! ज्यांनी या जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांत दुष्काळ, पटकी आणि प्लेग यांच्या दिवसांत माणसांची सेवा केली, त्यांच्यातील कित्येकांना याच मातीत तारेच्या कुंपणाआड राहावे लागले. पुढे १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ जहाजाने त्यांची मायदेशी रवानगी झाली. डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले होते. युद्धाने त्यांचीही आपल्या कळपापासून ताटातूट केली. १९२१ मध्ये ते जपानातील हिरोशिमाला गेले आणि १९२७ मध्येच पुन्हा पुण्यास आले. मिशनचे काम दुसऱ्या देशांतून आलेल्या धर्मगुरूंनी हाती घेतले. एकाच युद्धाने औषधाची बाटली आणि औषध देणारा हात या दोन्ही गोष्टी एकदम नाहीशा कराव्यात, ही त्या काळची नगरकडची स्थिती होती.

त्या दिवसांत थायमॉल लागे ते प्रामुख्याने अंकुशकृमीसाठी. अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळपायातून हा कृमी शरीरात शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. मळ्यांवर काम करणारे लक्षावधी मजूर त्याने पांढरेफटक पडत. थायमॉलने हा कृमी पडतो, हे इटलीतील बोझोलो याने १८८० च्या सुमारास दाखवले होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर आयोगाने १९०९ ते १९१४ या काळात जी मोहीम चालवली, तिचे मुख्य अस्त्र थायमॉलच होते. पण हे औषध सोपे नव्हते. ते घेतलेल्या दिवशी तेल, तूप, मद्य यांचा थेंबही चालत नसे, कारण स्निग्ध पदार्थात थायमॉल विरघळते, आतड्यात राहण्याऐवजी रक्तात उतरते आणि कृमीऐवजी रोग्यालाच विषबाधा करते. चिमूटभर ओवा चघळणे आणि शुद्ध थायमॉलची मोठी मात्रा पोटात घेणे यांत किती अंतर आहे, हे एवढ्यावरून कळावे.

या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास आपल्या देशात ज्या दोघांनी केला, त्यांची नावे प्रत्येक कॅथलिक घरात माहीत असावीत असे मला वाटते. एक डॉक्टर के. एस. म्हसकर आणि दुसरे येशूसंघीय धर्मगुरू फादर जाँ फर्दिनां कायुस. मद्रास इलाख्यातील अंकुशकृमी-चौकशीच्या निमित्ताने १९२० च्या सुमारास या दोघांनी थायमॉल, चाकवताच्या जातकुळीतील चिनोपोडियमचे सुगंधी तेल, बीटा-नॅफ्थॉल अशा औषधांची तुलना केली. कोणत्या द्रव्याने किती कृमी पडतात, रोग्याला कितपत अपाय होतो आणि द्रव्याच्या रासायनिक रचनेचा त्याच्या गुणाशी काय संबंध आहे, हे प्रश्न त्यांनी विचारले. औषधाची कीर्ती ऐकून नव्हे, तर पडलेले कृमी मोजून निर्णय द्यायचा, अशी त्यांची शिस्त होती.

पुढे फादर कायुस मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये औषधशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. या संस्थेचा जन्म प्लेगच्या साथीत झाला. हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ मध्ये तिला त्याचे नाव मिळाले. ती वास्तू मुळात पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठाची. जेथून एकदा धर्मगुरूंना बाहेर पडावे लागले होते, तेथे दोन शतकांनंतर एक धर्मगुरू परीक्षानळी हातात घेऊन परत आला, असे म्हणायला हरकत नाही.

तेथे म्हसकर आणि कायुस यांनी केलेल्या एका कामाचा उल्लेख येथे करतो. तो सुगंधी तेलांचा नाही, तरी मुद्द्याचा आहे. सर्पदंशावर रामबाण म्हणून देशभर सांगितल्या जाणाऱ्या वनस्पती त्यांनी गोळा केल्या, प्राण्यांवर त्यांची परीक्षा घेतली आणि १९३१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला, की यांपैकी एकही विषावर उपयोगी नाही. देशी औषधांवर आयुष्य वेचणाऱ्या दोन माणसांनी हे लिहिले. आपल्या आवडत्या विषयाविरुद्ध साक्ष देणे हे धैर्याचे काम आहे. या निष्कर्षामुळे किती रोगी मुळी उगाळण्यात वेळ न दवडता लस मिळवण्यासाठी दवाखान्याकडे वळले असतील, याची मोजदाद कोण करणार?

याच काळात कीर्तिकर आणि बसू यांच्या ‘इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ या महाग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर आणि मेजर वामनदास बसू यांच्या या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९१८ ची. दुसरी आवृत्ती संपादित करणारे तिघे होते : फादर एथेलबर्ट ब्लाटर, फादर कायुस आणि डॉक्टर म्हसकर. ब्लाटर हे मुंबईच्या संत झेवियर महाविद्यालयातील स्विस येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आहे. मॅकॅन यांच्यासह मुंबई इलाख्यातील गवतांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९३५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर वर्षभराने बाहेर पडला. फादर कायुस यांनी औषधी व विषारी गवतांवरील आपला प्रबंध मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात छापला. हीच परंपरा पुढे फादर सांतापाव यांनी चालवली. मूळचे स्पॅनिश असलेले हे धर्मगुरू भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले आणि १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चर्च आणि विज्ञान यांच्या भांडणाच्या कथा शाळेत शिकवल्या जातात, त्या शिकवाव्यातच. पण ही दुसरी बाजू आपल्या मुलांना कोण सांगणार?

आता घरच्या फडताळाकडे वळू. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर ही तीन घन द्रव्ये एका बाटलीत घालून हलवली, तर पाण्याचा थेंबही न घालता त्यांचे पाणी होते. लहानपणी हा चमत्कार पाहून कोण थक्क झाले नसेल? त्यात दैवी काही नाही. थायमॉल सुमारे पन्नास अंश उष्णतेला वितळते, मेंथॉल त्याहून थोडे आधी. परंतु ही द्रव्ये एकमेकांत मिसळली की मिश्रणाचा वितळबिंदू घरातल्या तापमानाच्याही खाली येतो. हीच अमृतधारा. विसाव्या शतकाच्या आरंभी लाहोरहून या नावाचे औषध देशभर पसरले आणि बत्ताशावर दोन थेंब घालून पटकीपासून दातदुखीपर्यंत सर्वांवर देण्याचा प्रघात पडला. पोटातील वायू, मळमळ, दाढेची कळ यांवर त्याने आराम पडतो, हे खरे. पटकीच्या बाबतीत मात्र गोष्ट निराळी आहे. पटकीचा जिवाणू काचेच्या बशीत थायमॉलने मरतो, पण रोगी मरतो तो अंगातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते ते चारच्या खाली आणले. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ! जुलाब लागलेल्या बालकाला हे द्यावे आणि दवाखाना गाठावा. अमृतधारेतील कापराने लहान मुलांना आकडी येऊ शकते. म्हणून तान्ह्याच्या तोंडात ती घालू नये, मग शेजारची आजी काहीही म्हणो.

पेनिसिलिन आले आणि सुगंधी तेले मागे पडली. आपल्या पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, तेव्हा जंतूंवरची लढाई जिंकल्याचीच भावना होती. ती टिकली नाही. वाटेल तेव्हा आणि वाटेल तितकी प्रतिजैविके घेतल्याने जिवाणूंना त्यांची सवय झाली. माणसांनीच नव्हे, जनावरांनीही ती घेतली, म्हणजे आपण त्यांना ती चारली. कासदाहाने आजारी गाईला टोचलेले औषध दुधात उतरते आणि कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यात प्रतिजैविके मिसळली जातात. युरोपीय संघाने वाढीसाठी अशी औषधे खाद्यात घालण्यास २००६ च्या आरंभापासून बंदी केली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाचा जनावरांसाठी वापर थांबवला. त्यामुळे पशुखाद्यात काय घालावे, या शोधात जगाचे लक्ष पुन्हा थायमॉल, दालचिनी आणि लवंग यांच्या तेलांकडे वळले. म्हणजे काष्टीच्या बाजारातील बैल आणि त्याच बाजारातील ओव्याची बुधली यांची पुन्हा एकदा गाठ पडली.

हे तेल जिवाणूला कसे मारते, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. जिवाणूच्या पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे पातळ आवरण असते. थायमॉल पाण्यापेक्षा स्निग्धात अधिक रमते. ते त्या आवरणात घुसते, त्याला भगदाडे पाडते आणि पेशीतील क्षार व शक्तिद्रव्ये पाझरून बाहेर जातात. पू करणाऱ्या गोल जिवाणूंवर हा मारा चांगला चालतो. ज्यांना बाहेरून आणखी एक आवरण असते, ते आतड्यातील जिवाणू अधिक टिकाव धरतात आणि जळालेल्या जखमेत हिरवट पू करणारा स्यूडोमोनस तर बहुधा दाद देत नाही. आवरणे आपल्या पेशींनाही आहेत, ही खरी अडचण. रक्तातील जंतू मारण्याइतके थायमॉल रक्तात सोडले तर जंतूंच्या आधी रोगी जाईल. म्हणून त्याचे क्षेत्र तोंड, कातडी, पृष्ठभाग आणि अन्न हेच राहिले. गुळण्यांच्या औषधात ते आजही आहे.

काष्टीत आता औषधनिर्माणशास्त्र शिकवले जाते. या विषयाच्या विद्यार्थ्याला करता येईल असा प्रयोग साधा आहे. आगाराच्या थरावर जिवाणू पसरायचे, तेलात भिजवलेली कागदाची चकती मध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती रुंद वर्तुळ स्वच्छ राहिले ते मोजायचे. लवंग, तुळस, गवती चहा, ओवा यांची तेले अशा रीतीने असंख्य महाविद्यालयांतून तपासली गेली आहेत. बहुतेक निबंधांचा शेवट ‘हे तेल प्रभावी आहे’ या वाक्याने होतो. फादर कायुस असते तर त्यांनी विचारले असते : कोणत्या मात्रेला? वाढ खुंटली की जिवाणू मेले? दूध किंवा रक्त मिसळल्यावर काय होते? आणि ज्या रोग्याला हे द्यायचे त्याला ते सोसेल का? हे चार प्रश्न विचारायला महागडे यंत्र लागत नाही.

जगात आज विकले जाणारे थायमॉल बहुतांशी कारखान्यात, मेटा-क्रेसॉल या रसायनापासून बनते. त्यासाठी ओव्याचा एक दाणाही लागत नाही. रेणू तोच, गुण तोच आणि दर कमी. बाजारातील बुधलीत यांपैकी कोणते आहे, हे वासावरून ओळखणे कठीण. विकणारा मात्र त्याला अजूनही ओव्याचे फूलच म्हणतो आणि तोळ्यावर तोलून कागदाच्या पुडीत बांधून देतो.